स्टेशनच्या पुढचा डोंगर

कल्याणला मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक टिटवाळा, वाशिंद, आसनगाव करत कसाऱ्याला जातो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जतला. दोन्हीकडे लोकल सह्याद्रीच्या भिंतीपाशी येऊन थांबते. या दोन फाट्यांच्या बेचक्यात मुरबाड तालुका आहे, आणि तिथे रेल्वे अजून पोहोचलेली नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या माणसाने डोंगरात जायचं ठरवलं की त्याचा बेत या तिन्हींपैकी एका दिशेने आखला जातो.

माथेरानच्या ई-रिक्षा, मलंगगडाची फ्युनिक्युलर, मुरबाडची रेल्वे, माळशेजचा काचेचा स्कायवॉक, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, पावसाळ्यातली धबधबाबंदी या बातम्या वर्तमानपत्रांत सुट्या सुट्या येतात. प्रत्येकीचा वाद वेगळा, बाजू घेणारी माणसंही वेगळी. एकत्र ठेवून पाहिलं तर मात्र प्रश्न एकच दिसतो: डोंगरापर्यंत आणि डोंगरावर कोणी, कशाने आणि किती संख्येने जावं? त्याच्या निरनिराळ्या बाजू आज कुठे उभ्या आहेत, ते इथे पाहायचं आहे.

भिंत आणि तिच्यापुढचे सुळके

आधी जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून दख्खनचं पठार तयार झालं. त्याची पश्चिम कड झिजत मागे सरकत गेली. तीच आपली सह्याद्रीची भिंत. मागे सरकताना तिने काही तुकडे कोकणातच सोडले. माहुली, मलंगगड, चंदेरी, पेब आणि माथेरान हे असेच सुटे राहिलेले डोंगर. शहरातून सगळ्यांत जवळ तेच पडतात, म्हणून गर्दीही त्यांच्यावरच जास्त.

थरांच्या या रचनेमुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले. उभा कडा, मग सपाट माची, पुन्हा कडा. किल्ला बांधणाऱ्याला ही सोय होती, रस्ता काढणाऱ्याला डोकेदुखी. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, माहुलीची उंची साडेआठशेच्या घरात, तर भिंतीच्या पलीकडचा हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर आणि राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. हिमालयाच्या हिशेबात हे आकडे किरकोळ आहेत. पण ठाणं जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे, त्यामुळे चढ सगळाच्या सगळा चढावा लागतो. त्यात पाऊस. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही चार महिन्यांत. बांधलेला प्रत्येक रस्ता, रूळ आणि मोरी दर वर्षी या परीक्षेला बसते.

नाणेघाटापासून नेरळपर्यंत

पूर्वी या वाटांवर व्यापार चालायचा. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला, तिथून नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि बाहेरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणहून घाटमाथ्यावर जाण्याचा राजमार्ग मुरबाडमधून होता. रेल्वेने तो बदलला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. तिथून इंजिनियरांनी घाटात चढायला दोन जागा निवडल्या, बोरघाट आणि थळघाट. बोरघाटाचा मार्ग १८६३मध्ये सुरू झाला, थळघाटाचा १८६५मध्ये. दोन्हीकडे चढ ३७ला १. आजही कसाऱ्याला आणि कर्जतला लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, आणि लोकल घाट चढत नाही. डोंगरात जाणाऱ्याच्या वेळापत्रकातला पहिला अडसर हा असा दीडशे वर्षांपूर्वीच्या चढाने ठरवलेला आहे. लोकल इगतपुरीपर्यंत न्यावी ही मागणी जुनी, पण ती या चढापाशी येऊन अडते.

माथेरानची गोष्ट ठाण्याशीच सुरू होते. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून वर गेला आणि इंग्रजांना एक थंड हवेचं ठिकाण सापडलं. ठाकर, धनगर, कातकरी तिथे आधीपासून होतेच. अर्धशतकाने आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली नेरळ-माथेरान रेल्वे उभी राहिली. काम १९०४ ते १९०७ चाललं, खर्च सोळा लाख रुपये. रूळ दोन फूट रुंदीचे, लांबी सुमारे २१ किलोमीटर, मधली स्थानकं जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज. बोगदा एकच, आणि त्याचं नाव ‘वन किस’. एवढ्या वेळात बोगदा संपतो म्हणून.

स्वातंत्र्यानंतर या वाटांवर नवा माणूस आला तो गिर्यारोहक. नोकरी मुंबईत, घर डोंबिवली-ठाण्यात, रविवारी पाठीवर सॅक. हरीश कपाडियांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’सारखी पुस्तकं हाताशी घेऊन दोन-तीन पिढ्या या डोंगरांत फिरल्या. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२पासून भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनाला गर्दी होते ती बहुतांशी याच रेल्वेमार्गावरच्या माणसांची. गेल्या पंधरा वर्षांत त्यांच्यात तिसऱ्या प्रकारचा प्रवासी मिसळला: गाडी घेऊन, कुटुंबासह, धबधब्याखाली दोन तास घालवून संध्याकाळी परतणारा. त्याला ट्रेकर म्हणवत नाही, आणि तसा त्याचा आग्रहही नसतो. पण संख्येने आज तोच सगळ्यांत मोठा आहे, आणि निम्मे वाद त्याच्यामुळे उभे राहिलेत.

लोकल: पोहोचवते, पण कुठवर

या पट्ट्याला एक फायदा आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. सकाळची गर्दी मुंबईकडे असते आणि डोंगर उलट दिशेला. पहाटेच्या कसारा किंवा कर्जत लोकलला डोंबिवलीतून बसायला जागा मिळते, सॅकही बाकाखाली सरकते. परतीला मात्र सगळं उलटं. रविवारी संध्याकाळी आसनगाव, नेरळ, कर्जतला चिखलाने माखलेले घोळके एकाच गाडीत चढतात, आणि कल्याणनंतर डब्यात श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी दगावले, तेव्हा या मार्गावरच्या दारांतल्या गर्दीची चर्चा पुन्हा झाली. ती रोजच्या नोकरदाराची गर्दी होती. पण मोठी सॅक पाठीला लावून दारात उभं राहणाऱ्यांनाही ती चर्चा लागू आहे.

कल्याण ते कसारा ६७ किलोमीटर, कल्याण ते कर्जत ४६. या दोन्ही भागांत उपनगरी गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्याच दोन रुळांवरून धावतात. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम रेंगाळत चाललं आहे. तोवर कसारा फाट्यावर एक लोकल चुकली की पुढची तासाभराने, हा अनुभव कोणाही ट्रेकरला विचारावा. पावसाळ्यात तर रूळच पाण्याखाली जातात. जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ज्या महिन्यांत डोंगर सगळ्यांत जास्त ओढतो, त्याच महिन्यांत गाडीचा भरवसा सगळ्यांत कमी.

आणि तरीही मला वाटतं, रेल्वे हा या प्रश्नातला सगळ्यांत कमी बिघडलेला भाग आहे. खरी अडचण स्टेशनबाहेर सुरू होते. आसनगावला उतरलं की माहुली गाव अवघं पाचेक किलोमीटर. रिक्षावाला शेअरसाठी माणसं जमेपर्यंत हलत नाही, आणि घाईत असाल तर सबंध रिक्षाचे पैसे मागतो. कर्जतला टमटम आहेत. कसाऱ्याला जीपवाले फलाटावरून येणाऱ्यांच्या सॅक पाहूनच ओळखतात की कोण रतनगडाचा, कोण सांदण दरीचा, कोण कळसूबाईचा. भाव ठरतो तो अंतरावर कमी आणि परत आणायचं आहे की नाही यावर जास्त. दहा-बाराजणांचा गट असेल तर परवडतं. एकट्या-दुकट्याला परवडत नाही. एकटीला तर अंधार पडल्यावर अनोळखी जीपमध्ये बसण्याचा प्रश्नही सोडवावा लागतो. एसटी आहे, पण तिचं वेळापत्रक गावकऱ्याच्या बाजारहाटाला आणि शाळेला जुळवलेलं असतं, पहिल्या लोकलला नाही. त्यात गैर काही नाही. ती मुळात त्यांच्यासाठीच आहे.

मुरबाडची दिशा

कल्याण-मुरबाड-माळशेज-आळेफाटा हा नाणेघाटाच्या जुन्या वाटेचा आजचा वारस. राष्ट्रीय महामार्ग ६१ यावरूनच जातो. गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड, नाणेघाट, जीवधन, आणि खुबी फाट्यावरून हरिश्चंद्रगड एवढी मोठी रांग या एका रस्त्यावर अवलंबून आहे. कल्याणच्या एसटी स्टँडवरून जुन्नर, आळेफाटा, अहिल्यानगरच्या गाड्या इथून जातात, म्हणून जुन्या ट्रेकरांचा ओढा या बाजूला जास्त.

मुरबाडपर्यंत रेल्वेची मागणी कित्येक दशकांची. सुमारे २८ किलोमीटरच्या मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलायचा, असं ठरलं आहे. समर्थकांचं म्हणणं सरळ आहे: मुरबाडमध्ये औद्योगिक वसाहत आहे, विद्यार्थी आणि कामगार रोज कल्याणला ये-जा करतात, त्यांचा रस्त्यावरचा जीवघेणा प्रवास टळेल. पर्यटन हा त्यात जोडफायदा. शंका घेणारे दोन गोष्टी पुढे करतात. भूसंपादनाची गती, आणि कल्याण स्टेशनवर आधीच असलेला भार. मार्गालगत गृहसंकुलांची रांग लागेल, बदलापूरचं झालं ते मुरबाडचं होईल, अशीही एक भीती आहे. माळशेजमार्गे अहिल्यानगरपर्यंत रेल्वे नेण्याची मागणी त्याहून जुनी, आणि तिथे पुन्हा घाटाचा चढ आडवा येतो.

माळशेज घाटात दरडी कोसळणं नवीन नाही. अशा घाटात काचेचा स्कायवॉक उभारण्याची कल्पना काही वर्षं चर्चेत आहे. स्थानिक हॉटेलवाले आणि टोकावडेपासूनची गावं तिच्याकडे रोजगार म्हणून पाहतात. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे विचारतात की पावसाळ्यात जिथे आजच्याच गाड्या तासन्‌तास अडकतात, तिथे आणखी गर्दी ओढायची कशाला. माळशेजच्या वाहतुकीवरच्या परिणामाचा हिशेब मांडल्याशिवाय या वादात पुढे सरकता येणार नाही.

समृद्धीने बदललेलं अंतर

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाणे-कल्याणच्या उंबरठ्यावर. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने कसारा घाटाची वळणं टाळली. गाडी असलेल्याला कळसूबाई आणि भंडारदरा एकदम जवळ आले.

गाडी नसलेल्याला काही फरक पडला नाही. दुचाकीला तर या महामार्गावर प्रवेशच नाही. ‘अंतर कमी झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणासाठी, हे विचारायला हवं. या भागात दुचाकीवरून डोंगरात जाणारी तरुण मुलं चारचाकीवाल्यांपेक्षा कमी नाहीत. त्यांना जुना कसारा घाटच आहे.

माथेरान: एका डोंगरावर सगळे वाद

माथेरानवर मोटारीला बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. ४ फेब्रुवारी २००३पासून माथेरान आणि परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. इथवर फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो त्या अडीच-तीन किलोमीटरवर.

दस्तुरीला उतरलेल्या माणसापुढे पर्याय असे होते: पायी जा, घोड्यावर बसा, अमन लॉजहून शटल गाडी पकडा, किंवा हातरिक्षात बसा. हातरिक्षा म्हणजे एकाने पुढून ओढायची आणि दुसऱ्याने मागून रेटायची गाडी. लाल मातीच्या चढावर, पावसात, आतल्या माणसासकट आणि त्याच्या बॅगांसकट. ९४ परवानाधारक हातरिक्षाचालक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला, पुढे संख्या वीसपर्यंत मर्यादित राहिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं प्रतिष्ठेशी विसंगत आहे, ही त्यामागची भूमिका. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या या चालकांना भाड्याने द्याव्यात, असंही न्यायालयाने सुचवलं.

ई-रिक्षांच्या बाजूने बोलणारे शाळकरी मुलं, आजारी माणसं आणि म्हाताऱ्यांकडे बोट दाखवतात. माथेरान हे पर्यटनस्थळ असण्याआधी एक गाव आहे, आणि गावकऱ्याने दवाखान्यात जायला घोडा का करावा, असं ते विचारतात. विरोधकांत घोडेवाले आहेत. शेकडो घरं त्यावर चालतात. त्यांना भीती अशी की आज वीस, उद्या दोनशे. काही पर्यावरणवादी वेगळ्या कारणाने धास्तावलेत. विजेच्या गाडीला धूर नाही हे खरं, पण तिला कठीण रस्ता लागतो. पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी मुरत नाही, धूप वाढते, घोड्यांचे पाय घसरतात, आणि एकदा रस्ता झाला की पुढचं वाहन येणं फक्त काळाचा प्रश्न उरतो. न्यायालयाने दस्तुरी ते बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यापुरते ब्लॉक मान्य केले, आतल्या पायवाटांवर मनाई केली. मधली रेघ ओढण्याचा हा प्रयत्न आहे. ती रेघ प्रत्यक्षात किती टिकते, ते पुढच्या काही पावसाळ्यांत कळेल.

आणि छोटी गाडी? ती सगळ्यांना आवडते, पण तिच्या भरवशावर कोणी बेत आखत नाही. २६ जुलै २००५च्या पावसात मार्ग वाहून गेला, दोन वर्षांनी सुरू झाला. मे २०१६मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद. २०१९च्या पावसाने परत तेच. नेरळ ते अमन लॉज भाग ऑक्टोबर २०२२मध्येच खुला झाला. पावसाळ्यात तर नेरळची बाजू दर वर्षीच बंद असते आणि अमन लॉज-माथेरान शटल तेवढी चालते. म्हणून नेरळला उतरणारा बहुतेक प्रवासी शेअर टॅक्सीने दस्तुरीला येतो. तिथे घोड्याच्या भावावरून होणारी फसवणूक, ‘पुढे काहीच मिळत नाही’ असं सांगून पर्यटकाला घाबरवणं, हे इतकं वाढलं की मार्च २०२५मध्ये माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं. भिवपुरीच्या बाजूने रोपवेचा प्रस्तावही बराच जुना आहे.

मलंगगड आणि दोरीची वाट

ज्याच्या पायथ्याशी कल्याणहून महापालिकेची बस जाते, असा हा एकच मोठा डोंगर. पीर माची, सोने माची आणि बालेकिल्ला असे त्याचे तीन मजले. भाविक पहिल्या मजल्यापर्यंत जातात, ट्रेकर वरच्या दोन मजल्यांसाठी येतात. पायऱ्यांची चढण तब्येतीप्रमाणे दीड-दोन तासांची. ती काही मिनिटांवर आणणाऱ्या फ्युनिक्युलरचा, म्हणजे दोरखंडाने रुळांवरून ओढल्या जाणाऱ्या गाडीचा, प्रकल्प दीड दशकाहून जास्त काळ रखडत राहिला.

फ्युनिक्युलरच्या बाजूने वय आणि अपंगत्व हे दोन मुद्दे येतात, आणि ते खोडून काढणं अवघड आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८पासून फ्युनिक्युलर चालते. रायगडाला १९९६पासून रोपवे आहे. दोन्ही ठिकाणी ज्यांना एरवी वर जाताच आलं नसतं, अशी माणसं वर गेली. दुसऱ्या बाजूला मलंगगडाच्या पायऱ्यांलगतची दुकानं आहेत, ज्यांचं गिऱ्हाईक चढताना दमणारं असतं. शिवाय वरची माची तेवढीच राहते. तासाला किती माणसं वर सोडायची, पाणी आणि कचरा यांची सोय काय, याचं उत्तर रुळांच्या क्षमतेत नसतं. मलंगगडाच्या नावावरून आणि हक्कावरून चाललेला धार्मिक वाद वेगळा. तो या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवतो.

२०२२-२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पातल्या ‘पर्वतमाला’ योजनेनंतर राज्यात रोपवेच्या प्रस्तावांची यादी लांबत चालली आहे. यादी करणं सोपं असतं. पुण्याच्या सिंहगडावर मे २०२२मध्ये खासगी गाड्या बंद करून ई-बस सुरू केल्या, तेव्हा चार्जिंग आणि गर्दीचं गणित न जुळल्याने दोनेक आठवड्यांत प्रयोग गुंडाळावा लागला. कल्पना वाईट नव्हती. पहिल्या दिवसापासून रविवारच्या गर्दीला पुरेल एवढी तयारी नव्हती, इतकंच.

गोल्फची पिशवी

डोंगरातल्या प्रवासाचा विचार जपानने एका अनपेक्षित खेळाच्या निमित्ताने फार बारकाईने केला. तिथे सपाट जमीन भातशेतीला आणि शहरांना लागते, म्हणून गोल्फची मैदानं डोंगरउतारांवर गेली. नागानोसारख्या पहाडी भागात खेळायला टोकियोहून लोक जातात. १९९७मध्ये नागानोपर्यंत शिंकान्सेन ही वेगवान गाडी सुरू झाल्यावर तिथलं कारुइझावा टोकियोहून तासाभरावर आलं. पण महत्त्वाच्या दोन गोष्टी त्याहून साध्या आहेत. स्टेशनवरून क्लबची बस, गाडीच्या वेळेला जोडलेली. आणि चौदा क्लबांची जड पिशवी खेळाडूच्या आधी मैदानावर पोहोचवणारी कुरियर सेवा. यामातो कंपनीने ती १९८४मध्ये सुरू केली. माणूस मोकळ्या हाताने रेल्वेत बसतो.

याची दुसरी बाजूही जपाननेच पाहिली. १९८७च्या रिसॉर्ट कायद्यानंतर मैदानांचं पीक आलं, आणि जंगलतोड, कीटकनाशकं, पाण्याचं प्रदूषण यांवरून गावोगाव विरोध उभा राहिला. आपल्याकडे १९९६च्या हिल स्टेशन नियमांनंतर लवासावरून जे झालं, त्याच्याशी हे बरंच जुळतं.

ठाणे-डोंबिवलीच्या गोल्फरला डोंगराच्या कुशीतलं जवळचं मैदान सिडकोचं खारघर व्हॅली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने खारघर, पुढे रिक्षा. किंवा नोव्हेंबर २०२३पासून बेलापूर-पेंधर मेट्रोने सेंट्रल पार्क. कागदावर हे सोयीचं. पण पहाटे सहाला टी-ऑफ असेल तर गोल्फची पिशवी घेऊन लोकलमध्ये चढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे गाडीनेच जातात. डोंबिवलीहून निघालेल्याला शिळफाटा चुकत नाही. ऐरोली-काटई मार्ग पूर्ण झाला तर हा वळसा कमी होईल. नवी मुंबईतच नेरुळच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स करायचा बेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये रोखला होता, तेव्हा खेळाची जागा आणि निसर्गाची जागा हा वाद आपल्यालाही परका नाही.

गोल्फ हा मूठभरांचा खेळ. तरी ट्रेकर, गोल्फर आणि म्हाताऱ्या आईला मलंगगडावर नेणारा मुलगा या तिघांची गरज मला एकच दिसते: सामान आणि माणूस स्टेशनपासून पायथ्यापर्यंत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भावात पोहोचणं.

बंदी आणि वाडीवरची माणसं

दर पावसाळ्यात ठाण्याचे जिल्हाधिकारी धबधबे, धरणं आणि धोक्याच्या जागांवर जमावबंदीचे आदेश काढतात. कोंडेश्वर, माळशेज अशी नावं त्यांत असतात. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एक कुटुंब वाहून गेलं. जून २०२५मध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना पूल गर्दीखाली कोसळला. अशा घटनांनंतर बंदीला विरोध करणं कठीण जातं. गिर्यारोहण संस्थांचं म्हणणं असं की सरसकट बंदीने जबाबदार माणूस घरी बसतो आणि बेजबाबदार आडवाटेने जातो. त्यापेक्षा संख्या ठरवा, वाटाडे नेमा, नोंद घ्या. प्रशासन म्हणतं, एवढ्या सगळ्या ठिकाणी उभं करायला माणसं आणायची कुठून. २०१८चा सुरक्षाविषयक शासननिर्णय आणि २०२१चं साहसी पर्यटन धोरण यांनी आयोजकांना नियमांत आणण्याचा प्रयत्न केला. समाजमाध्यमांवर माणशी पैसे घेऊन शंभरजणांना एका रात्रीत हरिश्चंद्रगडावर नेणारे हौशी गट मात्र अजून बरेचसे जाळ्याबाहेर आहेत.

येऊरचं दुखणं थोडं निराळं. ठाणे शहराला चिकटूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आत आदिवासी पाडे आहेत, बंगले आणि हॉटेलंही आहेत. तिथे पोहोचणं सोपं आहे, हीच अडचण. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४मध्ये झालं. तो उद्यानाच्या पोटातून जाणार असल्याने बांधकामाच्या काळातला परिणाम हा चर्चेचा विषय आहे.

या सगळ्यात सगळ्यांत कमी ऐकू येणारी बाजू डोंगरातल्या वाड्यांची. शहापूर, मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर आजही बाळंतीण झोळीतून रस्त्यापर्यंत आणावी लागते. ‘डोंगरात रस्ता नको’ हे वाक्य त्यांच्या कानांना कसं लागत असेल, याचा विचार शहरातल्या निसर्गप्रेमीने करावा. उलट, ‘पर्यटनासाठी रस्ता’ मंजूर होतो तेव्हा तो धबधब्यापर्यंत जातो आणि वाडी दोन किलोमीटर बाजूला राहते, हीही तक्रार तितकीच खरी. रविवारी जेवणाची ताटं लावून, वाटाड्या म्हणून जाऊन काही घरं उभी राहिली आहेत. त्यांना पर्यटक हवा आहे, फक्त त्याच्या बाटल्या नको आहेत.

न सुटलेलं

मोठ्या कामांना पैसा आणि मालक दोन्ही आहेत. रेल्वे मार्गिका टाकेल, महामार्गवाले बोगदे खोदतील, रोपवेला ठेकेदार मिळेल. स्टेशन आणि पायथा यांमधल्या पाच ते पंचवीस किलोमीटरच्या तुकड्याला मालक नाही. माथेरान रायगड जिल्ह्यात, त्याचा प्रवासी ठाण्यातला. माहुलीचा पायथा वनखात्याच्या हद्दीत, स्टेशन रेल्वेचं, त्यामधला रस्ता आणखी कोणाचा. कल्याण-डोंबिवलीची परिवहन सेवा मलंगगडापर्यंत जाते, कारण तिथवर तिची सोय पडते. आसनगावला ती जाणार नाही. एसटीने शनिवार-रविवारी पहिल्या कसारा लोकलला जोडून एक मिनीबस माहुलीला आणि संध्याकाळी परतीची ठेवायची म्हटली, तर खर्च एका रोपवेच्या खांबाएवढाही येणार नाही. पण ती रिकामी धावली तर तोटा कोणाच्या खात्यावर, आणि स्टँडवरच्या रिक्षावाल्यांशी बोलायचं कोणी, हे आधी ठरवावं लागेल. शेअर रिक्षांनाच ठरलेला दर आणि ठरलेली वेळ देऊन तेच काम करून घ्यावं, असा दुसरा मार्ग सुचवला जातो. तो बहुधा जास्त टिकाऊ ठरेल, कारण त्यात आसनगावच्या माणसाचं पोट सांभाळलं जातं. त्यासाठी आरटीओ, ग्रामपंचायत आणि वनसमिती यांना एका टेबलावर बसावं लागेल.